पहिले पाच मिलीलीटर

"किती?" येवलेकर सरांनी दारातूनच विचारलं.

"बाहत्तर, त्र्याहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर," मी पडद्यावरचे आकडे वाचले. "सहाच्या सहा फेल, सर."

सरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे लॅबमध्ये सगळ्यांना त्या चष्मा पुसण्याचीच धास्ती असायची. "दुसऱ्या ॲनालिस्टकडून करून घेऊ," एवढं बोलून ते गेले आणि मी स्टुलावर बसून यंत्राकडे बघत राहिले. सकाळपासून एक घोट पाणी प्यायले नव्हते, आणि एवढं करून हाती काय, तर नापास बॅच.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीतली. कंपनीचं नाव सांगत नाही. मी तेवीस वर्षांची होते, बारामतीच्या कॉलेजातून एमएस्सी होऊन तिथे लागले होते, पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार होतं, आणि ते ठरवणार होते येवलेकर सर. ते आमच्या प्रयोगशाळेचे मॅनेजर.

गोळी होती हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी. पोटात गेल्यावर ती वेळेत विरघळते का, हे आम्ही काचेच्या सहा भांड्यांत बघायचो. अंगाइतकं कोमट पाणी, त्यात एकेक गोळी, वर फिरणारं छोटं वल्हं. अर्धा तास झाला की प्रत्येक भांड्यातून सिरिंजने दहा मिलीलीटर द्रावण ओढायचं. सिरिंजच्या तोंडाला बिस्किटाएवढा गोल फिल्टर बसवायचा, दट्ट्या दाबून द्रावण गाळायचं आणि इवल्याशा बाटलीत भरायचं. त्या बाटलीला वायल म्हणतात. वायल गेली यंत्रात की यंत्र सांगतं, गोळीतलं शंभरातलं किती औषध पाण्यात उतरलं. ऐंशी किंवा त्याच्या वर आलं तर पास.

वायलला दोनच मिलीलीटर पुरतात. मी पहिले दोन भरायची आणि सिरिंजमधले उरलेले आठ बेसिनमध्ये सोडून द्यायची. सहा वायल चार मिनिटांत. माझ्या हाताला जो वेग होता तो लॅबमध्ये कुणालाच नव्हता, आणि हे मला जरा जास्तच माहीत होतं.

दुपारी प्रॉडक्शनचे भोंग तावातावाने आले. चार लाख गोळ्यांची बॅच अडकली होती. आठ वर्षं ही गोळी बनवतोय, कधी फेल गेली नाही, आणि आज कालच्या पोरीच्या हाताला यश नाही म्हणून माल अडकवायचा का, असं ते सरळ माझ्यासमोर सरांना म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं वजन बरोबर, तापमान बरोबर, वेळ सेकंदाला धरून बरोबर. मेथड मला तोंडपाठ होती. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला शिकवलं होतं: लिहिलंय ते करायचं, लिहिलं नाही ते करायचं नाही. मी अगदी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच चाचणी तांबोळी मॅडमनी केली. शाहीन तांबोळी. चौदा वर्षं त्या एकाच टेबलावर काम करत होत्या. अठ्ठेचाळीसच्या, ठेंगण्या, गॉगल कायम कपाळावर सरकवलेला. त्यांचं काम बघताना माझा जीव नुसता कंटाळून जायचा. सिरिंज उलटी धरून बुडबुडे घालवणार, फिल्टर हळूच आवळणार, मग थेंब थेंब करत दट्ट्या दाबणार. निम्मं द्रावण बेसिनमध्ये जाऊ देणार आणि मग कुठे वायल पुढे करणार. चार मिनिटांच्या कामाला अर्धा तास.

त्या दिवशी सिरिंज हातात घेता घेता त्या माझ्याकडे वळल्या. "सुलक्षणा, तू ते पहिलं जे येतं ना, ते..."

"मॅडम, मला मेथड पाठ आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गॉगल खाली ओढून घेतला. मला वाटलं, बरं झालं, आता निदान भोंगांसारखं ऐकून घ्यावं लागणार नाही.

त्यांचे आकडे आले शहाऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी.

त्याच बॅचच्या गोळ्या, तेच यंत्र, तेच फिल्टर. माझे सहा नापास आणि त्यांचे सहा पास. दोघींपैकी एकीचं काहीतरी खोटं होतं, आणि माझं खोटं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. रात्री जेवताना मी आईवर उगाच खेकसले. आमच्या पोरीला आता साहेबी चढलीये, असं आई म्हणाली, तर तिच्याशी बोलणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी जुने कागद काढले. या गोळीची चाचणी आठ वर्षं मॅडमच करत आल्या होत्या. दुसऱ्या कुणाकडे ती कधी गेलीच नव्हती. आठ वर्षांत एकही नापास नाही आणि सगळे आकडे पंच्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच्या आत. आता हे चांगल्या हाताचं लक्षण म्हणायचं की वायलमध्ये दुसरंच काही भरल्याचं, हा प्रश्न कुणीतरी उच्चारला. कुणी उच्चारला ते कळलं नाही, पण दुपारपर्यंत तो कँटीनमध्ये सगळ्यांच्या ताटात येऊन पडला होता. हातातल्या नमुन्याऐवजी शुद्ध औषधाचं पक्कं द्रावण हवं तेवढं पातळ करून भरलं की बॅच कधीच फेल होत नाही, हे काय कुणाला शिकवायला लागतं?

मला केबिनमध्ये बोलावलं. सरांनी शांतपणे विचारलं, तांबोळींना नमुना हाताळताना काही वेगळं करताना पाहिलंस का?

"त्या अर्धं द्रावण बेसिनमध्ये सोडतात, सर. मग वायल भरतात."

"आणि तू?"

"मी थेट भरते. मेथडमध्ये टाकून द्या असं कुठे लिहिलंय?"

सरांनी लिहून घेतलं. चाचणीचा नमुना बेसिनमध्ये टाकून त्यानंतर वायल भरताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे, लिखित पद्धतीत अशी पायरी नाही. मी दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. मी खाली सही केली, तारीख घातली, आणि बाहेर येताना मला हलकं वाटलं हे आज कबूल करायला हवं. तीन दिवस जो आळ माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होता तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसला होता.

माझ्यानंतर मॅडम आत गेल्या. काचेतून दिसत होतं. त्या जेमतेम दोन वाक्यं बोलल्या, सरांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. मॅडम बाहेर आल्या, ॲप्रन काढून त्याची घडी घातली, तो पिशवीत टाकला आणि दुपारच्या पाळीच्या बसने घरी गेल्या. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. नमुन्यात फेरफार सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच, पण तो शेरा कागदावर घेऊन कुठल्याही औषध कंपनीच्या दारात उभं राहता येत नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळे आपापल्या भांड्यांकडे वळले.

चौथ्या दिवशी मला चाचणी पुन्हा करायला लावली. या खेपेला सर स्वतः माझ्या खांद्यामागे उभे. मी सिरिंज भरते, ते बघतात. मी फिल्टर लावते, ते बघतात. घाम फुटला होता, पण हात चुकला नाही. पाच वायल भरल्या. सहावीला झाकण लावणार तेवढ्यात सरांचा फोन वाजला, ते बाहेर गेले, आणि त्याच क्षणी ती वायल माझ्या बोटांतून सुटून फरशीवर पडली आणि फुटली.

मी काचा पायाने टेबलाखाली सारल्या, नवी वायल घेतली. सहाव्या भांड्याची सिरिंज अजून बेसिनच्या काठावर होती, फिल्टर लावलेली, आत आठ मिलीलीटर शिल्लक. ते दाबत गेले. घाईघाईत अर्धंअधिक हातावर आणि बेसिनमध्ये सांडलं. शेवटी कशीबशी वायल भरली. सर परत आले तेव्हा सहाही वायल ओळीत उभ्या होत्या.

आकडे आले. त्र्याहत्तर, बाहत्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, बाहत्तर. आणि सत्त्याऐंशी.

मला रडू यायचंच बाकी होतं. सगळे नापास आले असते तर मी सुटले असते, सगळे पास आले असते तरी चाललं असतं. आता हा एक सत्त्याऐंशी कुठून उपटला? सर पडद्याकडे बघत होते. "सहावी वेगळी भरली होतीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

ते आणखी काही विचारतील असं वाटलं, पण नाही. उद्या बघू म्हणाले आणि मीटिंगला गेले. माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं, की गोळ्या मोजल्यास का, तापमान बघितलंस का, असला एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. त्यांनी थेट वायल कशी भरली तेच विचारलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली. मी कँटीनला गेले नाही. सहाव्या वायलचं काय वेगळं होतं? ती फुटली होती. म्हणजे पहिले दोन मिलीलीटर फरशीवर गेले होते आणि यंत्रात गेलं होतं ते नंतरचं. मॅडमही नंतरचंच भरत होत्या. मी बेसिनपाशी कितीतरी वेळ नुसती उभी होते. आम्ही दोघी द्रावण ओतूनच देत होतो; त्या आधीचं, मी नंतरचं.

आता खात्री करायची तर साधा मार्ग होता. शुद्ध औषध वजन करून पाण्यात विरघळवलेलं पक्कं द्रावण आमच्याकडे रोज असायचं. त्याची ताकद बरोबर शंभर. ते आम्ही कधी गाळायचो नाही, गाळायची गरजच नसते. मी ते सिरिंजमध्ये घेतलं, नवा फिल्टर लावला, पहिले दोन मिलीलीटर एका वायलमध्ये भरले, पुढचे तीन सोडून दिले आणि त्यानंतरचे दुसऱ्या वायलमध्ये भरले. दोन्ही यंत्रात ठेवल्या. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही.

नमुना यंत्रात घालणं याला आम्ही इंजेक्शन म्हणतो; तसं नोंद न करता घालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. आधी गुपचूप बघून घ्यायचं आणि मग सोयीचं तेवढं दाखवायचं, ही लबाडी रोखायला तो नियम आहे. सापडलं की त्याच दिवशी गेटबाहेर. मला ते माहीत होतं, तरी मी केलं, कारण चार दिवस माझं डोकं पिकून गेलं होतं आणि मला फक्त उत्तर हवं होतं.

पहिली वायल पंच्याऐंशी. दुसरी नव्याण्णव पूर्णांक सहा.

गोळीत काहीच कमी नव्हतं. मॅडमनी काहीच मिसळलं नव्हतं. ते औषध फिल्टरच्या पांढऱ्या पडद्याला चिकटत होतं. पडद्याचं पोट एकदा भरलं की मग पुढचं द्रावण जसंच्या तसं खाली उतरायचं. बाकीच्या गोळ्यांची औषधं अशी चिकट नव्हती, म्हणून पाच महिन्यांत मला कधी कळलं नाही. ही एकच गोळी, आणि ती पहिल्यांदाच माझ्या हाती आली होती. यंत्रातून आलेला कागद घडी घालून मी ॲप्रनच्या खिशात ठेवला. मॅडमच्या विचाराने मला लाज वाटली आणि तिच्याहून जास्त स्वतःचा राग आला.

संध्याकाळी बस दौंडला पोचली तशी मी घरी न जाता मॅडमकडे गेले. स्टेशनच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्या दारात गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, ते अजून यायचे होते. "त्यांना मी सुट्टी घेतलीय असं सांगितलंय," मॅडम आधीच म्हणाल्या, म्हणजे मी काही बोलून बसू नये. मला आत बसवलं, चहा टाकला, बशीत खारी काढली. मी कागद पुढे केला.

त्यांनी गॉगलच्या सवयीने कपाळाला हात लावला, मग कोनाड्यातून चष्मा आणला आणि वाचलं. चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही नाही.

"माझीही सुरुवातीला फेलच व्हायची. ते कागद येवलेकर साहेबांनी फायलीला लागूच दिले नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन महिने झोप नव्हती. मग असंच कळलं. मी साहेबांना लिहून दिलं, की मेथडमध्ये एक ओळ घाला, पहिले पाच मिलीलीटर टाकून द्या. साहेब म्हणाले, तांबोळी, ही मेथड सरकारदरबारी नोंदलेली आहे. बदलायची तर परवानगी मागावी लागेल. मागितली की ते विचारणार, मग आजवरचा माल कसा पास केला? तुम्ही हाताने करत जा. कागदावर नको."

"मग हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. साहेब म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही."

"आणि तुम्ही लिहून दिलेलं?"

"ते त्यांच्याकडेच दिलं होतं." त्यांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. "तुझ्याकडे कागद आहे, बाळा. माझ्याकडे नुसतं तोंड आहे."

मला त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी केलेली सही त्यांना माहीत होती, केबिनमध्ये ती त्यांना दाखवलीच होती. त्या विषयावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "बोलशील?"

"उद्या सकाळीच," मी म्हटलं, आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

सकाळी नऊ वाजता मी केबिनमध्ये गेले आणि कागद सरांच्या टेबलावर उलगडला. बसमध्ये वाक्यं घोकली होती, ती सगळी धडाधड म्हणून टाकली. फिल्टर औषध धरतो, मॅडम बरोबर होत्या, माझेच आकडे चुकीचे होते, माझं स्टेटमेंट मला मागे घ्यायचंय. सरांनी सगळं ऐकून घेतलं. कागदाला हात लावला नाही.

"हे इंजेक्शन रजिस्टरमध्ये आहे?"

"नाही, सर."

"कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणी नाही."

"मग हे ट्रायल इंजेक्शन झालं." त्यांनी चष्मा काढला नाही, हेच विचित्र वाटलं. "देवकाते, तू हा कागद दिलास तर मला तो चौकशीला जोडावा लागेल. जोडला की पहिला प्रश्न तुझ्याबद्दल येणार. तांबोळी मेथडबाहेरची पायरी करत होत्या हे तर तुझ्या कागदानेच सिद्ध होतंय. म्हणजे दोघी जाल. नाही जोडला तर त्यांना राजीनामा द्यायला सांगता येईल. शेरा लागणार नाही, याची जबाबदारी माझी." मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "तुझं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे ना?"

"तुमच्याकडे मॅडमनी लिहून दिलं होतं, सर," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

मी टेबलावरचा कागद सरळ केला. त्यांनी सावकाश टेबलाचा वरचा खण उघडला, पेन घेतलं, खण बंद केला. त्या खणात ती चिठ्ठी असेल की नसेल, मला आजही ठाऊक नाही. त्या क्षणी मात्र असं वाटलं, की हा माणूस बसल्या जागी काहीही नाहीसं करू शकतो, मलासुद्धा.

वडील गेलेले, धाकटा भाऊ बारावीला, हे सगळं मी तेव्हा मनात उगाळून घेतलं. खरी गोष्ट इतकी मोठी नव्हती. मला भीती वाटली. बोलले तरी मॅडम जाणारच, मग मी कशाला जाऊ, एवढा साधा हिशेब होता तो. आणि राजीनामा म्हणजे काही कलंक नाही, असं मी स्वतःला दोन मिनिटांत पटवलं. सरांनी पटवलं असतं तर निदान त्यांना शिव्या देता आल्या असत्या. मी टेबलावरचा कागद उचलला. कोपऱ्यात कागद फाडायचं यंत्र होतं. सर खिडकीबाहेर बघत होते. मीच तो आत सरकवला.

यंत्राच्या कॉम्प्युटरमधून ती दोन इंजेक्शनं कशी गेली ते मी विचारलं नाही. पासवर्ड सरांकडे होता.

त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "बोललीस?"

"बोलले, मॅडम. त्यांनी ऐकलंच नाही."

मग त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुझ्यावर काही बालंट आलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. उद्या येऊन सही करून टाकते."

त्या आल्या, राजीनाम्यावर सही केली, लॉकर रिकामा केला. मी त्या वेळी वजनाच्या खोलीत होते, आणि वजन संपलं तरी बाहेर आले नाही. अडकलेली बॅच पंधरा दिवसांनी सुटली. कागदावर माझ्या आकड्यांचं कारण 'प्रशिक्षणार्थीची हाताळणी' असं लागलं. मी त्या कागदावरही सही केली. महिनाअखेरीला मला कायम केलं आणि ही गोळी माझ्याकडे आली. मी मॅडमसारखंच आधीचं बेसिनमध्ये सोडून नंतरचं भरायला लागले. आकडे शहाऐंशी, सत्त्याऐंशी. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बाहेरून तपासणी यायची होती, तेव्हा सरांनी सगळ्या मेथडी झाडून पुसून घेतल्या. या गोळीच्या मेथडमध्ये एक ओळ आली: गाळलेले पहिले पाच मिलीलीटर टाकून द्यावेत. परवानगीसुद्धा आली, दोन महिन्यांत, कुणीही काहीही विचारलं नाही. बदल कुणी सुचवला या चौकोनात टाइप केलं होतं: सु. दि. देवकाते. सर म्हणाले, तुझ्या करिअरला चांगलं आहे. माझा हात सहीला जरासुद्धा अडखळला नाही, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड कसली येत असेल तर त्याचीच.

त्यानंतर मॅडम दिसल्या त्या भोंगांच्या मुलीच्या लग्नात. दौंडचं मंगल कार्यालय, दुपारची पंगत. आमची अख्खी लॅब एका ओळीत बसली होती, सर माझ्यापासून तीन पाटांवर. मॅडम समोरच्या ओळीत होत्या, यजमानांबरोबर. कळलं होतं, की त्या एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतात. शेरा लागला नव्हता, पण चौदा वर्षांची नोकरी एका रात्रीत का सोडली, याचं उत्तर प्रत्येक कंपनीला हवं होतं.

मी पानात मान घालून बसले होते. त्या उठून माझ्याकडे आल्या. यजमानांनाही हाताला धरून घेऊन आल्या. उंच, सडसडीत माणूस, पांढरी दाढी, हात पुसायला रुमाल शोधत होता.

"ही सुलक्षणा," मॅडम त्यांना म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीसारखाच, पण पंगतीत ऐकू जायला पुरेसा होता. "तुम्हाला म्हटलं होतं ना. सगळ्या लॅबमध्ये माझ्यासाठी ही एकटी बोलली. नोकरी पक्की झालेली नसताना साहेबांसमोर उभी राहिली."

त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी उठायला हवं होतं, पण पाय दुमडलेले तसेच राहिले. आमच्या ओळीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन पाटांवर येवलेकर सर भाताला आळं करत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय बोलते याची वाट बघत त्यांचा हात वरणाच्या वाटीवर थांबला.

मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जेव पोटभर," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि जेवले.